ग्रुप कॅप्टन लिओनार्ड चेशायर : रणभूमीपासून शुश्रूषागृहापर्यंत

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या बॉम्बफेकी दलात सुमारे सव्वा लाख तरुणांनी विमानांतून कामगिरी केली. त्यांपैकी ५५,५७३ जण परत आले नाहीत. म्हणजे दर पाच जणांपैकी दोघांहून अधिक जणांना मृत्यूने गाठले. अशा दलात शंभर मोहिमा पार पाडून जिवंत राहिलेले वैमानिक म्हणून लिओनार्ड चेशायर यांचे नाव इतिहासात नोंदले गेले. परंतु आज जगातील पन्नासाहून अधिक देशांत त्यांचे नाव घेतले जाते ते एका वेगळ्याच कार्यासाठी, आणि त्या कार्याचा एक धागा भारताशी जोडलेला आहे.

७ सप्टेंबर १९१७ रोजी इंग्लंडमधील चेस्टर येथे त्यांचा जन्म झाला. वडील ऑक्सफर्डमधील नामवंत कायदेपंडित. लिओनार्ड यांनीही ऑक्सफर्डच्या मर्टन महाविद्यालयात कायद्याचा अभ्यास केला. मात्र अभ्यासापेक्षा वेगवान मोटारी आणि मित्रमंडळी यांतच त्यांचे मन अधिक रमे. विद्यापीठाच्या हवाई पथकात ते विमान चालवायला शिकले आणि युद्ध सुरू होताच वायुदलात दाखल झाले.

१९४० च्या नोव्हेंबरमधील एका रात्री ते 'व्हिटली' विमान घेऊन जर्मनीतील कोलोनच्या मोहिमेवर होते. विमानवेधी तोफेचा मारा बसला, आतील प्रकाशगोळ्याचा स्फोट झाला आणि विमानाची एक बाजू फाटून आत आग भडकली. बिनतारी यंत्र सांभाळणारा सहकारी होरपळला. सहकाऱ्यांनी आग विझवली, चेशायर यांनी विमान स्थिर ठेवले, लक्ष्यावर बॉम्ब टाकले आणि ते मोडके विमान मायदेशी सुखरूप आणले. या पराक्रमाबद्दल अवघ्या तेविसाव्या वर्षी त्यांना 'डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर' हा सन्मान मिळाला. एरवी तो वरिष्ठ अधिकाऱ्यांना मिळत असे. पुढे 'डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस' मिळाला आणि पहिला सन्मान आणखी दोनदा प्राप्त झाला. याच काळात, १९४१ मध्ये, त्यांचे धाकटे बंधू ख्रिस्तोफर यांचे विमान शत्रूने पाडले आणि ते युद्धकैदी झाले. घरावर हा आघात झाला तरी लिओनार्ड यांच्या मोहिमा थांबल्या नाहीत.

१९४३ मध्ये पंचविसाव्या वर्षी ते वायुदलातील सर्वांत तरुण ग्रुप कॅप्टन झाले. या हुद्द्यावर कचेरीत सुरक्षित राहता आले असते. त्यांनी मात्र पदावनती मागून घेतली आणि विंग कमांडर म्हणून ६१७ क्रमांकाच्या प्रख्यात स्क्वाड्रनचे नेतृत्व स्वीकारले. जर्मनीतील धरणे फोडणारी ती हीच स्क्वाड्रन. लक्ष्य अचूक दाखवायचे असेल तर पुढे असलेल्या विमानाने अगदी खाली उतरून खुणेचे दिवे टाकले पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. आणि ते सर्वांत धोक्याचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले.

फेब्रुवारी १९४४ मध्ये फ्रान्समधील लिमोज येथील विमानइंजिनांचा कारखाना उद्ध्वस्त करायचा होता. आत रात्रपाळीला फ्रेंच स्त्रिया कामावर होत्या. चेशायर यांनी बॉम्ब टाकण्यापूर्वी तीनदा छपरालगत विमान नेले, जेणेकरून त्या बाहेर पडून आसरा घेतील. अशा प्रत्येक फेरीने शत्रूला सावध होण्यास वेळ मिळत होता. तरीही त्यांनी तो धोका पत्करला. कारखाना नष्ट झाला आणि असंख्य निरपराध जीव वाचले. युद्धाच्या उन्मादातही समोरच्या माणसाचे भान राखणारा हा प्रसंग त्यांच्या पुढील आयुष्याची जणू पूर्वसूचनाच होता.

शंभर मोहिमांनंतर सप्टेंबर १९४४ मध्ये त्यांना 'व्हिक्टोरिया क्रॉस' हे सर्वोच्च शौर्यपदक जाहीर झाले. हे पदक बहुधा एखाद्या क्षणाच्या अतुलनीय धाडसासाठी दिले जाते. चेशायर यांना ते चार वर्षांच्या अखंड शौर्यासाठी मिळाले. पदकप्रदानाच्या वेळी त्यांच्यासोबत नॉर्मन जॅक्सन हे फ्लाइट इंजिनिअर होते. उडत्या विमानाच्या पंखावरील आग विझवण्यासाठी जॅक्सन बाहेर पडले होते आणि भाजलेल्या अवस्थेत शत्रूच्या हाती सापडले होते. जॅक्सन यांनी एकाच रात्री जे केले ते आपल्याहून मोठे, म्हणून त्यांना आधी पदक द्यावे, अशी विनंती चेशायर यांनी राजाला केल्याचे सांगितले जाते. राजशिष्टाचारापुढे ती मान्य झाली नाही, पण त्यांच्या मनाचा मोठेपणा तीतून दिसला.

९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवरील अणुबॉम्बचा स्फोट त्यांनी ब्रिटनचे निरीक्षक म्हणून दूरच्या विमानातून पाहिला. या अस्त्रामुळे युद्ध लवकर संपले, हे त्यांचे मत अखेरपर्यंत कायम राहिले. परंतु मिळालेल्या शांततेचे आपण काय करायचे, हा प्रश्न त्यांची पाठ सोडीना. १९४६ मध्ये ते वायुदलातून बाहेर पडले. माजी सैनिकांची एक सहकारी वसाहत त्यांनी उभारली, पण ती फसली. हाती कर्ज आणि हॅम्पशायरमधील 'ल कोर्ट' नावाचे मोठे रिकामे घर एवढेच उरले.

१९४८ मध्ये त्या वसाहतीतील एक जुने सहकारी, आर्थर डाइक्स, कर्करोगाने अंथरुणाला खिळले. रुग्णालयात त्यांच्यावर आणखी उपचार होण्यासारखे नव्हते आणि जाण्यास दुसरी जागा नव्हती. चेशायर त्यांना घरी घेऊन आले. शुश्रूषेचे कोणतेही शिक्षण नसताना त्यांनी स्वतः रुग्णाचे अंथरूण बदलले, अंग पुसले, जेवण भरवले. डाइक्स यांच्या निधनानंतर आणखी रुग्ण येऊ लागले. चेशायर होम्सची सुरुवात अशी झाली. मधल्या काळात क्षयाने त्यांना स्वतःलाच दीर्घकाळ रुग्णशय्येवर पडावे लागले, आणि परावलंबित्व म्हणजे काय हे त्यांनी जवळून अनुभवले.

१९५० च्या दशकाच्या मध्यास ते भारतात आले आणि मुंबईत अंधेरी येथे भारतातील पहिले चेशायर होम सुरू झाले. युद्धपीडितांसाठी झटणाऱ्या स्यू रायडर यांच्याशी त्यांचा विवाहही ५ एप्रिल १९५९ रोजी मुंबईतच झाला. त्याच वर्षी उभयतांनी देहरादून येथे 'राफेल' या केंद्राची स्थापना केली. कुष्ठरुग्ण, क्षयरोगी आणि बौद्धिक अपंगत्व असलेली मुले यांना तेथे आधार मिळाला. आजही भारतातील अनेक शहरांत चेशायर होम्स कार्यरत आहेत.

३१ जुलै १९९२ रोजी चेशायर यांचे निधन झाले. शौर्य आणि सेवा या दोन वाटा वेगळ्या नाहीत, हे त्यांच्या चरित्रातून कळते. मृत्यूसमोर न डगमगणाऱ्या त्याच हातांनी एका मरणोन्मुख मित्राला घास भरवला. गुणवत्तायादीत झळकलेल्या आणि न झळकलेल्या आपल्या सर्व विद्यार्थ्यांनी, तसेच त्यांच्या पालकांनीही, हे चरित्र अवश्य स्मरणात ठेवावे. छातीवरील पदके समाजाने दिलेली असतात. ती मिळाल्यानंतर समाजाला काय परत द्यायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते.