बार्सिलोनाचा नगररचनाकार

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्पेनमधील बार्सिलोना हे बंदर जुन्या तटाच्या आत कोंडले गेले होते. दीड लाखांहून अधिक माणसे तेथे दाटीने राहत. तोफेच्या टप्प्यात घर बांधण्यास मनाई असल्याने तटाबाहेर शेतेच होती. आत मात्र घरांवर मजले चढत गेले आणि अरुंद गल्ल्यांत ऊन पोचेनासे झाले. १८५४ मध्ये पटकीने हजारो माणसे दगावली. त्याच वर्षी तट पाडण्यास प्रारंभ झाला.

या मोकळ्या होणाऱ्या शहराची चिंता इल्देफोन्स सेर्दा हे अभियंते वाहत होते. त्यांचा जन्म १८१५ मध्ये एका सधन शेतकरी कुटुंबात झाला. दक्षिण फ्रान्समध्ये त्यांनी आगगाडी पाहिली आणि माणसांच्या येण्याजाण्याचा विचार त्यांच्या मनात घर करून बसला. भावांच्या मृत्यूनंतर वडिलोपार्जित संपत्ती हाती येताच, १८४९ मध्ये, त्यांनी सरकारी चाकरी सोडली. पुढे त्यांनी तटाबाहेरच्या जमिनीची मोजणी केली आणि मजुरांच्या घरांची, मजुरीची व आयुर्मानाची माहिती जमवली.

शहर आपोआप वाढू लागले की हमरस्त्याच्या कडेला घरे उठतात, त्यांच्यामागे बोळ निघतात आणि पुष्कळसे बोळ कोठेच न पोचता संपतात. मग शेजारच्या वस्तीत जाण्यासही लांबचा वळसा पडतो. सेर्दा यांनी घरांच्या आधी रस्ते आखले. किमान वीस मीटर रुंदीचे सरळ रस्ते एकमेकांना काटकोनात छेदत. मधले चौकोन सुमारे ११३ मीटर लांबीरुंदीचे असत. चौकोनांचे कोपरे छाटलेले असल्यामुळे वळणाऱ्या गाडीला पुढचे दिसे. एक वाट अडली तरी दुसरी खुली राही. हे जाळे ग्रासियासारख्या शेजारच्या गावांपर्यंत पोचणार होते.

नगरपालिकेला मात्र दुसऱ्याच वास्तुकाराचा आराखडा पसंत होता. १८६० मध्ये माद्रिदच्या सरकारने सेर्दांचा आराखडा कायम केला, याचा राग शहरात दीर्घकाळ राहिला. चौकोनाच्या दोनच बाजूंना घरे आणि मध्ये बाग, ही त्यांची योजना जमीनमालकांना परवडेना. त्यांनी चारही बाजू बांधल्या, पुढे बागाही गिळल्या. रस्ते तेवढे टिकले. १८९७ मध्ये ग्रासिया शहरात सामील झाले. तेथील जुन्या गल्ल्या मात्र आजही आपल्याच वळणाने जातात.

ते पाहण्यास सेर्दा नव्हते. संपत्ती खर्ची पडून १८७६ मध्ये विपन्नावस्थेत त्यांचे निधन झाले. शंभरांहून अधिक वर्षांनी, १९८० नंतर, काही चौकोनांच्या पोटातील बांधकामे हटवून तेथे पुन्हा झाडे लावण्यात आली.