हिटलरला ठोसा मारणारं मुखपृष्ठ काढलं आणि नंतर स्वतःच युद्धावर गेला

डिसेंबर १९४०. युरोपात युद्ध पेटलं होतं, पण अमेरिका अजून त्यात उतरली नव्हती. अशात तिथल्या स्टॉलवर १० सेंटचं एक कॉमिक्स आलं. मुखपृष्ठावर झेंड्याच्या रंगाचे कपडे घातलेला हिरो थेट हिटलरच्या जबड्यावर ठोसा हाणत होता.

हिरो होता कॅप्टन अमेरिका. जो सायमनसोबत त्याला घडवणारा चित्रकार होता २३ वर्षांचा जॅक कर्बी.

खरं नाव जेकब कर्ट्झबर्ग. जन्म १९१७ चा, न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साईड या गरीब वस्तीतला. आईवडील ऑस्ट्रियातून आलेले ज्यू, वडील कपड्यांच्या कारखान्यात कामाला. सायमनही ज्यूच. त्यामुळे हिटलर या दोघांसाठी फक्त पेपरातली बातमी नव्हता.

अंक लाखोंनी खपला. पण अमेरिकेतल्या नाझी समर्थकांच्या धमक्याही आल्या, ऑफिसबाहेर पोलीस उभे करावे लागले. पुढे नफ्यातल्या वाट्यावरून प्रकाशकाशी बिनसलं आणि १० अंकांनंतर ही जोडी बाहेर पडली.

१९४३ मध्ये कर्बी सैन्यात भरती झाला, १९४४ मध्ये फ्रान्सला पोहोचला. तो चित्रकार आहे म्हटल्यावर त्याला पुढे जाऊन टेहळणीचे नकाशे काढायला लावलं. म्हणजे सर्वात धोक्याचं काम. त्या हिवाळ्यात त्याचे पाय थंडीनं गोठले आणि कापता कापता वाचले.

इकडे अमेरिकेत युद्धासाठी रद्दी गोळा केली जात होती. पोरांनी आपली कॉमिक्सही देऊन टाकली. म्हणूनच त्या काळातले अंक आज इतके दुर्मीळ आहेत.

१९६० च्या दशकात कर्बीनं स्टॅन लीसोबत फॅन्टॅस्टिक फोर, हल्क, एक्स-मेन उभे केले. पण हक्क कंपनीकडेच राहिले. स्वतः काढलेली मूळ पानं परत मिळवायलाही त्याला मार्व्हलशी भांडावं लागलं, आणि मिळाली ती थोडीच.

१९९४ मध्ये तो गेला. हक्कांवरून त्याचे वारस आणि मार्व्हल यांच्यात चाललेला वाद २०१४ मध्ये मिटला आणि कर्बीचं नाव निर्माता म्हणून छापलं जाऊ लागलं.

२०२२ मध्ये त्या १० सेंटच्या अंकाची एक प्रत लिलावात ३१ लाख डॉलरहून जास्त किमतीला गेली. म्हणजे तेव्हाच्या दरानं जवळपास २४ कोटी रुपये.