प्लेगच्या साथीतील सावित्रीबाई

आपल्या सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात नायगाव नावाचे गाव आहे. तिथे ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाईंचा जन्म झाला. त्यांच्या वडिलांचे नाव खंडोजी नेवसे पाटील व आईचे नाव लक्ष्मीबाई होते. १८४० साली, नऊ वर्षांच्या असताना, त्यांचे लग्न जोतिबा फुल्यांशी झाले. फुल्यांचे मूळ गाव कटगुण. तेही साताऱ्यातच, खटाव तालुक्यात. म्हणजे माहेर आपलं आणि सासरही आपलंच.

१८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली, सावित्रीबाई शिकवायला जाताना लोक शेण व दगड मारायचे, हे सगळ्यांना पाठ आहे. दरवर्षी ३ जानेवारीच्या भाषणात तेच असतं. म्हणून मी ते जास्त लिहीत नाही. माझी आत्या नर्स आहे. ती मिरजेला शिकली आणि आता सांगली जिल्ह्यात एका सरकारी दवाखान्यात नोकरी करते. सावित्रीबाईंनी आजारी माणसांची सेवा कशी केली, ते तिने मला सांगितलं.

१८६३ साली जोतिबा व सावित्रीबाई यांनी आपल्या घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. ज्या विधवा बायकांना कोणी घरात घेत नव्हते, त्या तिथे येऊन बाळंत होत. त्या बायकांची आणि बाळांची देखभाल सावित्रीबाई करत. त्यातलाच एक मुलगा त्यांनी दत्तक घेतला. त्याचे नाव यशवंत. तो पुढे डॉक्टर झाला.

१८८८ साली जोतिबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. तरी त्यांनी डाव्या हाताने पुस्तक लिहिले. घरात असा आजारी असला की किती काम असतं, ते मला माहीत आहे. आमचे आजोबा अंथरुणावर होते तेव्हा आत्याने आईला शिकवलं होतं की दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. रात्रीसुद्धा उठावं लागायचं. जोतिबा २८ नोव्हेंबर १८९० रोजी वारले.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली व लवकरच पुण्यातही पोचली. प्लेगमध्ये खूप ताप येतो आणि काखेत नाहीतर जांघेत गाठ येते. माणसं पटापट मरत. लोक घरदार सोडून रानात राहायला जात. रोग्याला हात लावायला कोणी धजत नव्हतं. तेव्हा सावित्रीबाईंनी डॉ. यशवंत यांना बोलावून घेतलं. ते लष्करात नोकरीला होते. पुण्याजवळ हडपसरला ससाण्यांच्या माळावर दवाखाना सुरू झाला. सावित्रीबाई तेव्हा ६६ वर्षांच्या होत्या. माझी आजी तेवढ्याच वयाची आहे, तिला घागरसुद्धा उचलत नाही.

मुंढवा गावाबाहेरच्या वस्तीत पांडुरंग गायकवाड नावाच्या मुलाला प्लेग झाल्याचं त्यांना कळलं. त्याला कोण आणणार? सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेतलं आणि दवाखान्यात आणलं. तो मुलगा वाचला असे सांगतात. पण सावित्रीबाईंना प्लेग झाला. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

मी आत्याला विचारलं, त्यांनी हातमोजे का नाही घातले? आत्या म्हणाली की, तेव्हा प्लेग कसा पसरतो हेच कोणाला नीट माहीत नव्हतं. उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमुळे तो माणसाला होतो, हे पॉल सिमाँ या डॉक्टरने १८९८ साली कराचीत दाखवलं. म्हणजे फक्त एक वर्ष उशीर झाला बघा. आता लवकर औषध मिळालं तर प्लेगचा रोगी बरा होतो.

आता आत्याच्या दवाखान्यात नियम आहेत. प्रत्येक रोग्याच्या आधी आणि नंतर साबणाने हात धुवायचे. औषध देताना केसपेपरवरचं नाव वाचायचं, आणि रोग्याला त्याचं नाव त्याच्याच तोंडून विचारायचं. कारण एका गावात दोन शांताबाई असू शकतात. योग्य रोगी, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य वेळ, योग्य मार्ग, हे तिला झोपेतही पाठ आहे. वापरलेल्या सुईला परत टोपण घालायचं नाही, सरळ सुयांच्या डब्यात टाकायची. नाहीतर रोग्याचा आजार नर्सला होतो. मला वाटायचं की नर्स फक्त इंजेक्शन देते.

२०२० साली कोरोना आला तेव्हा आजी रडून आत्याला म्हणायची की नोकरी सोड. आत्याने सोडली नाही. ती घरी आली की आधी परड्यात अंघोळ करायची आणि बाहेरच्या खोलीत वेगळी जेवायची. मी तेव्हा लहान होतो, मला खिडकीतून टाटा करायची. तिच्याजवळ मास्क होता, मोजे होते. सावित्रीबाईंजवळ काहीच नव्हतं.

१९०५ साली प्लेगची साथ परत आली. डॉ. यशवंत पुन्हा रोग्यांच्या सेवेला गेले आणि त्यांनाही प्लेग झाला. त्यातच ते वारले.

नायगावात सावित्रीबाईंचं घर जपून ठेवलं आहे. दिवाळीच्या सुट्टीत आत्या मला तिथे नेणार आहे, तिची ड्युटी नसली तर.