ग्रेच्चोचा गोठा
(द्वितीय वर्ष कला)

एकदा नाताळच्या सुट्टीत मी मैत्रिणीकडे वसईला गेले होते. तेथे घरांपुढे, चौकाचौकांत पोरांनी नाताळगोठे उभारले होते. बांबू, पेंढा, माती, कापूस एवढ्याच सामानाचे ते काम. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या मैत्रिणीच्या आजीने मला हाताला धरून एका गोठ्यापाशी नेले आणि हा योसेफ, ही मारिया, हे मेंढपाळ, असे करीत सारी ख्रिस्तजन्माची कथा समजावून सांगितली. हातात पुस्तक नाही, पोथी नाही. ही प्रथा कोणी रुजवली असेल, हा प्रश्न मनात घेऊनच मी परतले. ग्रंथालयात उत्तर शोधता शोधता एका विलक्षण माणसाचे चरित्र हाती लागले. तो माणूस म्हणजे असिसीचा संत फ्रान्सिस.

इटलीतील असिसी गावी 1181 किंवा 1182 साली त्याचा जन्म झाला. वडील पिएत्रो दि बर्नार्दोने कापडाचे श्रीमंत व्यापारी. तरुणपणी फ्रान्सिस उंची कपडे, गाणी आणि मेजवान्या यांत रमलेला असे. शौर्य गाजवायचे म्हणून 1202 मध्ये तो शेजारच्या पेरुजाविरुद्ध लढायला गेला आणि कैदेत पडला. सुमारे वर्षाने सुटून आला, पुढे दीर्घ आजार झाला आणि मन पालटले. ज्या महारोग्यांची त्याला किळस येई, त्यांचीच तो सेवा करू लागला. सान दामियानोचे पडके चर्च दुरुस्त करण्यासाठी त्याने वडिलांच्या दुकानातील कापड विकले. बापलेकांचे बिनसले, प्रकरण बिशपपुढे गेले. तेथे 1206 मध्ये त्याने अंगावरचे कपडेसुद्धा वडिलांपुढे उतरवून ठेवले.

येथे मी थबकले. खरे सांगायचे तर त्या बापाची मला दया आली. आमच्या घरात माझ्या कॉलेजच्या कपड्यांसाठी उधारी झाली आहे. ते कपडे असे टाकून देणे मला कधीच सुचणार नाही. ज्याच्या घरी भरपूर असते त्यालाच त्याग शोभून दिसतो, असा विचार माझ्या मनात आला. पण पुढे वाचत गेले तेव्हा ध्यानी आले, की फ्रान्सिसने गरिबी नुसती मिरवली नाही. तो गरिबांच्यात राहिला, त्यांच्याबरोबर राबला, भिक्षा मागून जेवला आणि त्यांच्याच बोलीत त्यांच्याशी बोलला. 1209 मध्ये पोप तिसऱ्या इनोसंटने त्याच्या छोट्या संघाला तोंडी मान्यता दिली. 1219 मध्ये धर्मयुद्ध पेटलेले असताना तो इजिप्तमध्ये सुलतान अल-कामिलला निःशस्त्र भेटून आला.

आता ग्रेच्चोकडे वळू. रिएती खोऱ्यातील हे डोंगरावरचे लहानसे गाव. त्या काळी चर्चमधील उपासना लॅटिनमध्ये होई. शेतकरी आणि गुराखी ती नुसती ऐकत. ख्रिस्तजन्माची चित्रे आणि नाट्ये पूर्वीही होती. पण फ्रान्सिसला हवे होते ते निराळेच. देव किती गरीब घरी आणि किती थंडीत जन्मला, हे डोळ्यांनी दिसावे अशी त्याची इच्छा होती. 1223 च्या नाताळाआधी सुमारे पंधरा दिवस त्याने जियोव्हानी नावाच्या स्नेह्याला तयारी करायला सांगितले. सामान काय, तर एक गव्हाण, थोडे गवत, एक बैल आणि एक गाढव. सजावट नाही, सोने नाही. नाताळच्या रात्री आसपासचे स्त्रीपुरुष मेणबत्त्या व मशाली घेऊन डोंगर चढून आले. रान गाण्यांनी भरून गेले. गव्हाणीवरच मिस्सा झाली. फ्रान्सिसने शुभवर्तमान गाऊन म्हटले आणि त्या गरीब बाळाविषयी प्रवचन केले. गव्हाण रिकामीच होती. पण जमलेल्यांपैकी एकाला तीत निजलेले बाळ दिसले, असे त्याचा चरित्रकार चेलानोचा थॉमस याने लिहून ठेवले आहे.

त्यानंतर तीनच वर्षांनी, 3 ऑक्टोबर 1226 रोजी, फ्रान्सिसचे निधन झाले. जाण्यापूर्वी, डोळे अधू झालेले असताना, त्याने सूर्य, वारा, पाणी यांना भाऊबहीण मानणारे स्तोत्र रचले. तेही लॅटिनमध्ये नव्हे, लोकभाषेत. त्याच शतकात, 1290 मध्ये, आपल्याकडे ज्ञानेश्वरी मराठीत सांगितली गेली, हे येथे आठवल्यावाचून राहवत नाही. फ्रान्सिसच्या संघाचे साधू सोळाव्या शतकात वसईलाही आले. किल्ल्यात त्यांच्या चर्चचे भग्नावशेष आहेत.

हे सारे वाचून मी घरी गेले. कॉलेजात काय शिकतेस, असे आई नेहमी विचारते आणि मला नीट सांगता येत नाही. या वेळी चुलीपाशी बसून मी तिला ग्रेच्चोची रात्र सांगितली. सगळे ऐकून झाल्यावर तिने एकच विचारले, की त्या बैलाला गवत खायला मिळाले का? मी म्हटले, मिळाले असणार. नाताळच्या दिवशी श्रीमंतांनी गरिबांना पोटभर जेवू घालावे आणि बैलांना व गाढवांना नेहमीपेक्षा जास्त चारा द्यावा, अशी फ्रान्सिसची इच्छा होती. त्या गव्हाणीतील गवत लोकांनी जपून ठेवले आणि आजारी जनावरांना खाऊ घातले, असेही सांगतात. आई म्हणाली, म्हणजे त्यांचा पोळाच की.

लॅटिन न कळणाऱ्या माणसांसाठी मांडलेला तो गोठा आठशे वर्षांनी आमच्या चुलीपर्यंत आला. दोन वर्षांत मी शिकलेली एक गोष्ट माझ्या आईला पुरती कळली, आणि तिने तीत भरही घातली. माझ्या शिक्षणाचा एवढा आनंद मला आजवर झाला नव्हता.