दिवा आणि नोंदवही

चेन्नईच्या दक्षिणेस तांबरम हे ठिकाण आहे. १९३८ साली तेथील मद्रास ख्रिश्चन कॉलेजात जागतिक मिशनरी परिषद भरली होती. त्यामुळे हे नाव आपल्या मंडळ्यांतील जुन्या वाचकांच्या परिचयाचे असेल. चेन्नईहून लोकल गाडीने निघालेल्या प्रवाशाला तांबरम येण्यापूर्वी आणखी एक स्थानक लागते व त्याच्या नावातच सॅनेटोरियम हा शब्द आहे. डॉ. डेव्हिड चौरी मुथू यांनी १९२८ साली येथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम सुरू केले. त्यापूर्वी इंग्लंडमधील मेंडिप टेकड्यांवर त्यांनी असेच आरोग्यधाम चालविले होते. थोर गणिती रामानुजन हे १९१७ साली तेथे त्यांच्या उपचाराखाली होते. तांबरमची ही संस्था १९३७ साली सरकारने आपल्याकडे घेतली. आज ते छातीच्या रोगांचे मोठे सरकारी रुग्णालय आहे.

त्या काळी क्षयरोगी अशा ठिकाणी महिनोन् महिने राहत असे. त्याला पोहोचवून परत निघालेल्या घरच्या माणसांच्या मनात एकच प्रश्न असे: आपला माणूस बरा होऊन परत येईल ना? या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर द्यावयाचे, तर किती रुग्ण आले, किती बरे होऊन गेले, किती दगावले आणि किती दिवस राहिले, एवढे तरी रुग्णालयाला ठाऊक असावे लागते. हा साधा हिशेब प्रत्येक रुग्णालयाने एकाच पद्धतीने ठेवावा, असा आग्रह ज्या स्त्रीने जगातील विद्वानांच्या परिषदेपुढे धरला, तिला आपण शब्बाथ शाळेपासून ओळखतो. हातात दिवा घेऊन रात्री जखमी सैनिकांमधून फिरणारी फ्लॉरेन्स नाइटिंगेल ती हीच. तिच्या एका हातातील दिव्याची गोष्ट आपण पुष्कळदा ऐकली आहे. दुसऱ्या हातातील नोंदवहीची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही.

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी झाला व त्या शहराचेच नाव तिला मिळाले. घराणे श्रीमंत होते. इंग्लंडमध्ये त्यांची दोन प्रशस्त घरे होती. वडिलांनी आपल्या दोन्ही मुलींना ग्रीक, लॅटिन, इतिहास हे विषय स्वतः शिकविले. धाकट्या फ्लॉरेन्सला गणिताची विशेष ओढ होती. १८३७ च्या फेब्रुवारी महिन्यात, वयाच्या सतराव्या वर्षी, देव आपल्याला त्याच्या सेवेसाठी बोलावीत आहे अशी तिची खात्री झाली. परंतु सेवा कोणती, हे उमगावयास बरीच वर्षे जावी लागली. आणि उमगल्यावरही घरच्यांचा विरोध आड आला. रुग्णसेवा हे त्या काळी कुलीन मुलीचे काम मानले जात नसे. अखेर १८५१ साली जर्मनीतील कायझरवर्थ येथे पाळक फ्लिडनर यांच्या सेविकांच्या संस्थेत तिने सुमारे तीन महिने शिक्षण घेतले. १८५३ साली लंडनमधील एका लहान रुग्णालयाची व्यवस्था तिच्याकडे आली.

पुढच्याच वर्षी इंग्लंड क्रिमियाच्या युद्धात उतरले. युद्धमंत्री सिडनी हर्बर्ट यांच्या विनंतीवरून फ्लॉरेन्सबाई ३८ परिचारिकांना घेऊन नोव्हेंबर १८५४ मध्ये तुर्कस्तानातील स्कुटारी येथे पोहोचल्या. तेथील लष्करी रुग्णालय म्हणजे एक जुनी, अवाढव्य बराक होती. खाली तुंबलेली गटारे, वर दाटीवाटीने निजविलेले सैनिक, आणि पुरेसे कपडे नाहीत की धड अन्न नाही, अशी तेथली अवस्था होती. १८५५ च्या फेब्रुवारीत मृत्यूचे प्रमाण शेकडा ४२ च्या वर गेले. मार्च महिन्यात इंग्लंडहून आरोग्य आयोग आला. त्याने गटारे साफ केली, हवा खेळती केली, पाण्याची व्यवस्था सुधारली. उन्हाळ्यापर्यंत मृत्यूचे प्रमाण शेकडा २ च्या आसपास उतरले.

या काळात बाईंना एक गोष्ट फार खुपली. एकाच रुग्णालयात मृत्यूंच्या वेगवेगळ्या नोंदवह्या होत्या आणि त्यांतील आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. लिहिणारे पुष्कळ होते, कागदही पुष्कळ खर्ची पडत होता. पण किती माणसे मेली आणि कशाने मेली, हे कोणालाच नेमके सांगता येत नव्हते. इंग्लंडला परतल्यावर संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या साहाय्याने त्यांनी सारे आकडे पुन्हा तपासले. रणांगणावरील जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी कितीतरी अधिक सैनिक नेले होते, आणि त्यात खुद्द रुग्णालयातील घाणीचा वाटा केवढा मोठा होता, हे तेव्हा त्यांना पुरतेपणी कळून आले. स्वतःच्या देखरेखीखालील रुग्णालयाविषयीचे हे सत्य पचविणे सोपे नव्हते. त्यांनी ते लपविले नाही. रंगीत आकृत्या काढून ते संसदेच्या सभासदांना व मंत्र्यांना सहज दिसेल असे मांडले. १८५८ साली लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना आपल्या पहिल्या स्त्री-सभासद म्हणून निवडले.

देव हे जग नियमांनी चालवितो, आणि माणसे का मरतात याचे नियम शोधून त्याप्रमाणे वागणे हा त्याच्या आज्ञापालनाचाच भाग आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. त्यामुळे आकड्यांचे काम त्यांना प्रार्थनेपासून वेगळे वाटत नसे.

१८६० साली लंडन येथे आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषद भरली. सर्व रुग्णालयांनी एकाच नमुन्याचे तक्ते भरावेत, ही बाईंची योजना परिषदेने मान्य केली. वर्षारंभी किती रुग्ण होते, नवे किती आले, किती बरे झाले, किती सुधारले, किती तसेच गेले, किती मरण पावले आणि सरासरी किती दिवस राहिले, असे प्रश्न त्यात होते. लंडनमधील काही मोठ्या रुग्णालयांनी हे तक्ते भरण्यास सुरुवातही केली. परंतु त्यांना जोडलेली रोगांची यादी फार लांब व गुंतागुंतीची होती. प्रत्येक रोग, वय व लिंग यांप्रमाणे रकाने भरण्यात पुष्कळ वेळ व पैसा जाई. शल्यवैद्यांच्या संस्थेनेही हरकत घेतली. काही वर्षांतच हा उपक्रम बंद पडला.

दुसरी अडचण याहून गंभीर होती. १८६३ साली त्यांच्या रुग्णालयविषयक ग्रंथाची नवी आवृत्ती निघाली. तीत फार यांचा एक तक्ता छापला होता. त्यावरून लंडनच्या २४ रुग्णालयांत मृत्यूचे प्रमाण शेकडा ९० हून अधिक दिसत होते. वर्षभरातील मृत्यूंना एका ठराविक दिवशी हजर असलेल्या रुग्णांच्या संख्येने भागले होते म्हणून हा आकडा असा फुगला होता. एका खाटेवर वर्षभरात अनेक रुग्ण येऊन जातात, हे त्यात जमेस धरले नव्हते. शिवाय शहरातील रुग्णालयांकडे अत्यवस्थ माणसे येतात, खेड्यातील लहान रुग्णालयांकडे तशी येत नाहीत. डॉक्टर मंडळी रागावली आणि त्यांच्या रागात तथ्य होते. चुकीचे माप लावले, तर चांगले काम करणाऱ्यालाही अपराधी ठरविता येते, आणि कठीण रुग्णाला दारातूनच परत पाठविण्याचा मोह उत्पन्न होतो. फ्लॉरेन्सबाईंच्या आयुष्यातील हे अपयश त्यांच्या यशाइतकेच आपल्या उपयोगाचे आहे.

तथापि, हिशेबावरील त्यांचा विश्वास डळमळला नाही. तो त्यांनी स्वतःच्या कामालाही लावला. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात त्यांच्या निधीतून सुइणींच्या शिक्षणासाठी एक प्रसूतिकक्ष चालविला जात होता. तेथे सूतिकाज्वराने बाळंतिणी दगावू लागल्या, तेव्हा १८६७ साली तो बंद करण्यात आला. मग त्यांनी ठिकठिकाणचे आकडे गोळा केले. १८७१ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात त्यांनी स्पष्टपणे दाखविले, की त्या काळच्या प्रसूतिगृहांपेक्षा गरिबाच्या घरी होणारी प्रसूती अधिक सुरक्षित होती. ज्या संस्थेसाठी आपण झटलो तिच्याविरुद्ध निघालेला निष्कर्ष आपल्याच हाताने छापावयाचा, याला मनाचा मोठा प्रामाणिकपणा लागतो.

हिंदुस्थानचा प्रवास त्यांना कधीच घडला नाही. १८५७ पासून प्रकृती ढासळली होती आणि पुढील कित्येक वर्षे त्यांनी अंथरुणावरूनच काम केले. तरीही हिंदुस्थानातील लष्कराच्या आरोग्याविषयी नेमलेल्या राजआयोगासाठी त्यांनी प्रश्नावली तयार केली व ती येथील लष्करी ठाण्यांकडे पाठविण्यात आली. पाणी कोठून येते, सांडपाणी कोठे जाते, एका बराकीत किती माणसे निजतात, अशा साध्या प्रश्नांची ती उत्तरे होती. १८६३ च्या अहवालात गोऱ्या सैनिकांच्या मृत्यूचे प्रमाण दर हजारी ६९ आढळले. दहा वर्षांनी ते १८ पर्यंत खाली आल्याचे बाईंनी लिहिले. पुढे त्यांचे लक्ष सैनिकांकडून खेड्यातील रयतेकडे वळले. मुंबई इलाख्यातील ग्रामस्वच्छतेसाठी त्यांनी आवाज उठविला. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता.

१९०७ साली राजाने त्यांना ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान दिला. तो मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. १३ ऑगस्ट १९१० रोजी, नव्वदाव्या वर्षी त्यांनी देह ठेवला. वेस्टमिन्स्टर ॲबीतील दफनाचा मान त्यांच्या आप्तांनी नाकारला. हँपशरमधील एका लहान गावच्या चर्चच्या आवारात त्या विसावल्या आहेत. कबरीवर त्यांच्या नावाची केवळ आद्याक्षरे आहेत.

आता पुन्हा मद्रासकडे वळू. १९५६ साली शहरातील चेटपेट येथे एक क्षयरोग संशोधन केंद्र निघाले. औषधे नवी होती; आरोग्यधामांतील खाटा मात्र फार थोड्या होत्या. म्हणून काही रुग्णांना आरोग्यधामात व काही रुग्णांना त्यांच्या घरीच, एकाच प्रकारचे औषध वर्षभर देऊन दोन्हींची तुलना करण्यात आली. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. घरी, दाटीच्या वस्तीत व अपुऱ्या अन्नावर राहिलेले गरीब रुग्णही जवळजवळ आरोग्यधामातील रुग्णांइतकेच बरे झाले होते, आणि त्यांच्यामुळे घरातील माणसांचा धोका वाढलेला दिसला नाही. या एका हिशेबाने क्षयाच्या उपचाराची जगभरातील रीत बदलली. असंख्य माणसांना घरदार सोडून तांबरमसारख्या ठिकाणी महिनोन् महिने राहण्याची गरज उरली नाही. रुग्ण बरा झाला का, हाच प्रश्न येथे मुख्य होता. बाईंनी बाळंतिणींविषयी जे विचारले, तेच येथे क्षयरोग्यांविषयी विचारले गेले.

आपल्या मंडळ्यांतील कितीतरी भगिनी परिचारिका आहेत. मिरज, वाई, अहमदनगर, वेल्लोर येथील मिशन रुग्णालयांनी त्यांच्या पिढ्या घडविल्या. त्यांना विचारून पाहा. तीच माहिती एका वहीत, मग दुसऱ्या वहीत, मग संगणकावर, आणि तपासणीस येणाऱ्या प्रत्येक मंडळासाठी निराळ्या नमुन्यात भरावी लागते, असे पुष्कळजणी सांगतील. प्रत्येक नमुन्यामागील हेतू चांगलाच असतो. पण खाली मान घालून लिहिण्यात गेलेला वेळ रुग्णाच्या उशाशी बसण्याच्या वेळातून वजा होतो. पन्नास रकाने भरूनही रुग्ण बरा झाला का हे कळत नसेल, तर ती स्कुटारीचीच नोंदवही होय. उलट हिशेबच नको म्हणणे, हे तर स्कुटारीच्या गटारांवर झाकण घालण्यासारखे आहे. रकाने थोडे असावेत, सर्वत्र सारखे असावेत, एकदाच भरावे लागावेत, आणि त्यांतून निघालेले उत्तर रुग्णाच्या कामी यावे, एवढेच मागणे रास्त आहे.

शंभर मेंढरांच्या दृष्टान्तातील मेंढपाळानेही मोजदाद केली होती. ती केली नसती, तर एक हरवल्याचे त्याला कळले नसते. परंतु मोजून झाल्यावर तो आकडे मांडीत बसला नाही. तो त्या एकाला शोधावयास निघाला. फ्लॉरेन्सबाईंच्या एका हातात नोंदवही होती, ती दुसऱ्या हातातील दिवा कोणत्या खाटेकडे न्यावयाचा हे कळावे म्हणून.