कार्ल ब्रिगम : ज्याने एसएटी बनवली आणि मग स्वतःचंच पुस्तक चुकीचं ठरवलं

आपल्याकडे बोर्डाच्या आधी प्रिलिम असते. अमेरिकेतल्या पोरांचीही अशीच एक प्रिलिम असते, पीएसएटी. कॉलेज प्रवेशाच्या एसएटीची ही रंगीत तालीम. मार्क 320 ते 1520 यांच्यामध्ये मिळतात आणि ते प्रवेशासाठी धरत नाहीत. पण अकरावीत दिली तर नॅशनल मेरिट स्कॉलरशिपचा रस्ता इथूनच जातो, त्यामुळे टेन्शन असतंच.

हे सगळं सुरू झालं कार्ल ब्रिगम यांच्यापासून.

1890 मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये जन्म, प्रिन्स्टनमध्ये शिक्षण आणि पुढे तिथेच मानसशास्त्राचे प्राध्यापक. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने सुमारे 17 लाख जवानांच्या बुद्धिमत्ता चाचण्या घेतल्या होत्या. तेच आकडे घेऊन ब्रिगम यांनी 1923 मध्ये पुस्तक काढलं. निष्कर्ष काय, तर उत्तर युरोपातून आलेले लोक हुशार, दक्षिण आणि पूर्व युरोपातले कमी, कृष्णवर्णीय त्याहून कमी. 1924 मध्ये अमेरिकेने स्थलांतरितांवर कडक कोटा लावला. कायदा या एका पुस्तकामुळे झाला नाही, पण तो मागणाऱ्यांच्या मताला शास्त्राचा मुलामा मिळाला.

मग कॉलेज बोर्डाने ब्रिगम यांच्याकडे परीक्षेचं काम दिलं. 23 जून 1926 रोजी 8 हजारांहून जास्त मुलांनी पहिली एसएटी दिली. 97 मिनिटांत 315 प्रश्न! म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम 18 सेकंद. आताच्या पोरांनी तक्रार करूच नये.

खरी गोष्ट पुढे आहे. 1930 मध्ये ब्रिगम यांनी एका शोधनिबंधात आपलं 1923 चं काम निराधार असल्याचं जाहीरपणे मान्य केलं. ज्याच्या घरी दुसरीच भाषा बोलतात त्याला इंग्रजी चाचणीत कमी मार्क पडले, तर त्यातून त्याची बुद्धी कळत नाही, हे त्यांना पटलं होतं. नावाजलेल्या प्राध्यापकाने स्वतःच्याच पुस्तकावर फुली मारणं सोपं नव्हतं. कोटा मात्र 1965 पर्यंत तसाच राहिला. चूक कबूल झाली, पण तोवर कित्येकांसाठी दार बंद झालं होतं.

पुढे सगळ्या परीक्षा एकाच मोठ्या संस्थेकडे देण्याची टूम निघाली. ब्रिगम यांनी विरोध केला. परीक्षा विकण्याच्या नादात संशोधन मागे पडेल, अशी त्यांना भीती होती. 1943 मध्ये, वयाच्या 52 व्या वर्षी ते गेले. 1947 मध्ये ती संस्था उभी राहिली, ईटीएस. आणि 1959 मध्ये पीएसएटी सुरू झाली.