गाउसना वर्गात आणणारा शिक्षक

दोन संख्यांचा मसावि भागाकाराच्या रीतीने काढायला शाळेत सर्वच शिकतात. ती रीत बरोबर उत्तर का देते, हे मात्र विद्यापीठात पोहोचलेल्या अनेकांनाही सांगता येत नाही. रीत तोंडपाठ आणि कारण अज्ञात, या दुखण्यावरचा उपाय जर्मन गणितज्ञ पीटर गुस्ताव लजन डिरिक्ले यांनी एकोणिसाव्या शतकातच आपल्या अध्यापनातून दाखवून दिला.

१३ फेब्रुवारी १८०५ रोजी ड्यूरेन येथे जन्मलेले डिरिक्ले १८२२ मध्ये शिक्षणासाठी पॅरिसला गेले. कार्ल फ्रीडरिश गाउस यांचा १८०१ मधील 'डिस्क्विझिशनेस अरिथ्मेटिके' हा लॅटिन ग्रंथ त्यांनी आयुष्यभर जवळ बाळगला. आधुनिक संख्या सिद्धांताचा पाया घालणारा हा ग्रंथ भल्याभल्यांना दुर्बोध वाटे. डिरिक्ले यांनी त्याची अक्षरशः पारायणे केली.

१८२७ मध्ये ब्रेस्लाउ आणि १८२८ पासून बर्लिन येथे त्यांनी अध्यापन केले. पहिले पद आणि फरक यांत सामाईक विभाजक नसेल, तर अंकगणिती श्रेढीत अनंत मूळ संख्या असतात, हे त्यांनी १८३७ मध्ये सिद्ध केले. तरीही त्यांच्या कार्याची दुसरी बाजू तितकीच मोलाची आहे. त्यांची व्याख्याने विभाज्यतेपासून सुरू होत. दोन संख्यांचा प्रत्येक साधारण विभाजक त्यांच्या भागाकारातील बाकीलाही भागतो, म्हणून संख्या लहान होत गेल्या तरी मसावि बदलत नाही. एवढे उमगले की रीत पाठ करावी लागत नाही. त्यानंतर समान बाकी उरणाऱ्या संख्यांचे गणित आणि मग वर्गरूपे, अशा पायऱ्यांनी विद्यार्थी गाउस यांच्या विचारापर्यंत पोहोचत असे.

१८५५ मध्ये गाउस यांच्या निधनानंतर गॉटिंगेन येथील त्यांच्या जागी डिरिक्ले यांची नियुक्ती झाली. तेथे अध्यापक असलेले रिचर्ड डेडेकिंडही त्यांच्या व्याख्यानांना विद्यार्थ्यांसमवेत बसत आणि टिपणे घेत. ५ मे १८५९ रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी डिरिक्ले यांचे निधन झाले. संख्या सिद्धांतावरील त्यांचे पाठ्यपुस्तक लिहायचे राहूनच गेले होते. वर्गात उभे केलेले सारे त्यांच्याबरोबरच लोपले असते. डेडेकिंड यांनी ते होऊ दिले नाही. आपल्या टिपणांवरून त्यांनी १८६३ मध्ये ही व्याख्याने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. १८७१ च्या दुसऱ्या आवृत्तीला जोडलेल्या पुरवणीत त्यांनी स्वतःचा 'आयडियल'चा सिद्धांत मांडला. मसाविपासून सुरू होणाऱ्या त्या पाठांना अशा रीतीने बीजगणिताच्या एका नव्या शाखेचा अंकुर फुटला.